चांदभाईंची अक्कलदाढ

देवाने चांदभाईंना दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या: स्मरणशक्ती, आणि तिच्याबद्दल बोलायची हौस. पहिलीपेक्षा दुसरी जास्त दिली होती, हे त्यांना एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात कळलं आणि पुढे तेच ते हसत सगळ्यांना सांगत सुटले.

पिंपरीतल्या एका गिअरच्या कारखान्यात, कंपनीच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. कामगाराने खिडकीशी येऊन नुसता आपला हजेरीचा तिकीट नंबर सांगायचा. त्याला काय होतं, कुठलं औषध सोसत नाही, हे चांदभाई डोळे मिटून सांगत. डॉक्टरांचं अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागत नसे. कामगार आपल्या तिकिटावर कधी भावाला, कधी मेहुण्याला औषधाला पाठवत. चांदभाई सगळं ओळखून काणाडोळा करत, निदान त्यांची तशी समजूत होती.

पगाराच्या हिशेबासाठी कंपनीने कॉम्प्युटर घेतला होता. दवाखानाही त्याच्यावरच घालायचा असं वरून ठरलं. डॉक्टरांनी औषध छापील फॉर्मवर सुवाच्य लिहायचं, कॉम्प्युटर विभागातल्या प्रभावतीने भोकं पाडून त्याची कार्डं करायची, आणि मशीनमधून प्रत्येक कामगाराचं पत्रक छापून दवाखान्यात यायचं. कुठलं औषध चालत नाही, ते सगळ्यात वर. प्रभावती कारखान्यातल्याच एका फिटरची मुलगी, बोलायला मऊ आणि कामाला चिवट. ती माहिती विचारायला शॉपमध्ये, कामगारांच्या यंत्रायंत्रांशी फिरली, तर जो तो एकच सांगे, चांदभाईंना विचारा, त्यांना ठाऊक आहे. चांदभाईंची छाती फुगली. विचारायला आलेल्या प्रभावतीला ते म्हणाले की मशीन बंद पडली तर ये, मी चालू आहे. पत्रकं बिचारी कोरीच राहिली.

स्वतःची माहिती तर त्यांनी मुळीच दिली नाही. दर सोमवारी मशीन त्यांचा नंबर छापून विचारी, या माणसाचं काय? प्रभावती तो कागद घेऊन यायची आणि चांदभाई कपाळावर बोट ठेवायचे, सगळं इथे आहे. पुढे तिचं येणं थांबलं. पोरगी दमली, असं म्हणून त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

मग दाढ आली. शेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही अक्कलदाढ. चांदभाईंनी लवंगेचं तेल लावलं, कपाटातल्या दोन गोळ्या घेतल्या, कुणाला सांगितलं नाही. सकाळी उठले तर गाल भोपळ्याएवढा आणि दातखीळ अशी की चमचाही आत जाईना. तसेच कामावर आले. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. बदली आलेल्या तरुण डॉक्टरांनी गाल चाचपला आणि ताबडतोब पेनिसिलीन द्यायचं ठरवलं.

चांदभाई दोन पावलं मागे सरले. लग्नाच्या वर्षी त्याच सुईने त्यांचा श्वास बंद पडला होता, आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती: त्यांना आणि त्यांच्या बायकोला, रोशनबीला. दातखिळीमुळे बोलता येईना, म्हणून ते हातवारे करू लागले. डॉक्टरांना वाटलं, माणूस घाबरला. चांदभाईंनी कागद ओढून लिहून दिलं. पण वीस वर्षं डॉक्टरी अक्षर वाचून त्यांचं स्वतःचंही तसंच झालेलं. डॉक्टरांनी कागद उलटासुलटा करून बाजूला ठेवला. रांगेत उभा असलेला पुनावळ्याचा साहेबराव मदतीला आला आणि त्याने प्रेमाने चांदभाईंचे दोन्ही दंड घट्ट धरले. आपण मरणार, चांदभाईंना वाटलं, आणि तेही आपण स्वतः भरलेल्या कपाटातल्या औषधाने.

नवा माणूस नियमाने चालतो. डॉक्टर म्हणाले, आधी यांचं पत्रक बघू. पत्रक नव्हतंच, हे चांदभाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? पण फाइलमधून ते निघालं. डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं. पेनिसिलीन अजिबात देऊ नये. खाली आणखी एक ओळ होती, तीही त्यांनी त्याच आवाजात वाचली: रुग्ण इंजेक्शनला फार घाबरतो.

गेली वीस वर्षं ज्यांनी चांदभाईंच्या हातची सुई घेताना घाबरल्याबद्दल त्यांची बोलणी खाल्ली होती, त्यांची अख्खी रांग खो खो हसली. चांदभाईंना लहान मुलांचं गुलाबी औषध मिळालं, नळीने ओढायला.

तोंड उघडल्यावर ते आधी प्रभावतीकडे गेले. तिने सांगितलं, तुमच्या घरी जाऊन चाचींना विचारलं, त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. दुसरी ओळ तेवढी काढ, चांदभाई म्हणाले.

"खोटी आहे का ती, चाचा?"

चांदभाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. दवाखान्यात साहेबरावाने दंड धरले असताना जे सुचलं होतं, ते आता त्यांच्या तोंडून निघालं.

"बेटा, त्या दिवशी मी गेलो असतो तर सगळ्या कंपनीची दुखणी माझ्याबरोबर कबरीत गेली असती. चल, लिही. पहिला साहेबराव. दमा आहे, ॲस्पिरिन द्यायची नाही."

प्रभावतीचा एक नियम होता. ज्याची माहिती, त्याला वाचून दाखवल्याशिवाय ती कार्ड पाडत नसे. साहेबरावाला बोलावलं. त्याने ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"चांदभाई, दमा मला न्हाई. त्यो थोरल्या भावाला हाय. माज्या तिकिटावर यायचा त्यो."

"आणि तुझं डोकं दुखलं की मी गोळी देत नव्हतो, नुसता बाम लावून पाठवत होतो, इतकी वर्षं! बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुमाला म्हाईत असंल."

प्रभावतीने खोडरबर घेतलं. वर पाहिलं नाही, हसलीही नाही, त्याबद्दल चांदभाई तिचे जन्मभर ऋणी राहिले.

"पुढचा नंबर घे," ते म्हणाले. "पण आधी त्या माणसाला बोलाव."