चार पोपटी पेट्या

सून उज्ज्वलाच्या मधमाश्यांच्या पेट्या दिसल्या की लोटूआबांचं डोकंच फिरायचं. डिंडोलीतल्या घराच्या गच्चीवर चार इवल्याशा पेट्या. एक निळी, एक पिवळी, एक केशरी, एकीवर तर चक्क फूल काढलेलं. तोंडं चार दिशांना. "काय गं, बालवाडी काढली का?" आबा विचारायचे. उधन्याला कापडगिरणीच्या लूमखात्यात, मागांवर, जिंदगी गेलेली. तिथे मशीनं कशी, एका रंगाची, एका ओळीत! शिस्त कशी असते ते आबांनी जगाला शिकवायचं, सुनेने आबांना नव्हे.

उज्ज्वलाने बजावलं होतं, "आबा, प्रत्येकीत एक कुवार राणी आहे. ती उडून जाईल, नरांना भेटून परत येईल, मग अंडी घालेल. तोवर हात लावू नका. कामरेजच्या माझ्या मोठ्या पेट्यांतल्या राण्या म्हाताऱ्या झाल्यात. त्यांच्या जागी न्यायच्या या नव्या गेल्या तर सगळं संपलं."

"माशीचं लग्न म्हणे!" आबांनी नाक मुरडलं.

उज्ज्वला माहेरी नंदुरबारला गेली आणि आबांच्या हाताला खाज सुटली. दाराचा पोपटी रंग उरलेलाच होता. त्यांच्या गल्लीतली घरं सगळी सारखी. रात्रपाळीहून येताना एकदा आबा दगा नावाच्या शेजाऱ्याच्या घरात शिरले, ऐटीत पाय पसरून बसले आणि त्याच्या बायकोला चहा सांगितला. तेव्हापासून आपलं दार पोपटी. आता तोच रंग त्यांनी चारही पेट्यांना फासला, दोरी धरून पेट्या ओळीत मांडल्या, तोंडं एका बाजूला केली. डंख खाल्ले, पण हटले नाहीत. वर दगाला गच्चीवर बोलावून दाखवलं, "बघ, याला म्हणतात काम!" शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

उज्ज्वला परतली ती थेट गच्चीवर आली. पेट्यांच्या दाराशी लांबट राणीमाशा मरून पडल्या होत्या. तिने पेट्या उघडून पाहिल्या. एकच राणी जिवंत होती.

"रंगात काय विष होतं?" आबा गुरगुरले.

"विष कशाला लागतंय, आबा? चारही घरं सारखी केलीत तुम्ही. बिचाऱ्या राण्या परत आल्या, आपलं दार कळेना, दुसरीच्या घरात शिरल्या. आतल्या माशांनी परक्या म्हणून मारून टाकल्या."

आबांनी वाकून एका पेटीचं दार निरखलं.

"तुम्ही दगाकाकांच्या घरात शिरला होता," उज्ज्वला म्हणाली, "तेव्हा काकूंनी चहा पाजून घरी पाठवलं होतं ना?"