हर्षालीच्या मुलाखतीला गेलेला कोयता

मी एक जुना कोयता आहे. आणि मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नका ठेवू. कुठल्या कोयत्याने आजवर एम.एस्सी.च्या प्रवेशाची मुलाखत दिली आहे? मी दिली आहे. पासही झालो आहे.

माझा जन्म मुरबाडच्या बाजारात एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी माळशेज घाटात दमून बसलेल्या एका ट्रकचा पाटा होतो. लोहाराने मला इतके ठोकले, की त्या दणक्याने बाजारातल्या कोंबड्यांनी त्या दिवशी उकडलेलीच अंडी घातली. हसू नका. मग मला लाकडी मूठ बसली आणि बुधू नावाच्या शेतकऱ्याने मला कमरेच्या आकडीत अडकवून डोंगरावरच्या वाडीत आणले. आमच्या वाडीत माणूस एक वेळ चप्पल विसरेल, पण कमरेचा कोयता विसरणार नाही.

वीस वर्षे मी बुधूबरोबर राब तोडला. भाताची रोपे टाकायची जमीन आधी भाजावी लागते. तिच्यावर जाळायच्या फांद्या आणि पाला म्हणजे राब. ऐन, किंजळ, साग, सगळ्या झाडांची हाडे मी ओळखतो. एकदा वाटेत बिबट्या आडवा आला. मी नुसता उन्हात चमकलो. तो जो झाडावर चढला, तो अजून उतरलेला नाही. लोक मला हातात घेऊन धार बघत आणि "हत्यार आहे बाबा!" म्हणत. ते दिवस गेले. बुधूचे गुडघे धरले आणि मी वळचणीला गेलो. अंगावर गंज चढला. पाली माझ्यावरून अशा जात, जणू मी त्यांची सडकच होतो.

बुधूची मुलगी हर्षाली लहानपणापासून राब तोडायला आमच्याबरोबर यायची. पुढे ती शहापूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली. वाडीतून इतके कोणीच शिकले नव्हते. तिला पुण्याला झाडांचे पुढचे शिक्षण घ्यायचे होते आणि तिथून मुलाखतीचे बोलावणे आले होते. पण बुधूने वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामासाठीही शब्द टाकून ठेवला होता. ठरले होते असे: यादीत नाव लागले तर पुणे, नाही लागले तर एक तारखेपासून वाशिंद. आणि एकदा खोकी भरायच्या त्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिलेली पोर पुन्हा पुस्तकाकडे वळत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होते. म्हणून त्यावर कोणी बोलत नव्हते.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी हर्षालीने भाकरी तशीच ताटात ठेवली. तिची आई, मालू, बघत होती. हर्षाली हात धुवायला अंगणात गेली तशी मालूने मला वळचणीतून ओढले, जुन्या ओढणीत गुंडाळले आणि लेकीच्या पिशवीत तळाला सारले. वर कागदांची फाईल ठेवली. मग पिशवीत तोंड घालून मलाच म्हणाली, "पोरीच्या जवळ ऱ्हा रे. लोखंड जवळ असलं का भ्याव लागत नाय."

मित्रांनो, माझी अडचण अशी की मलाच भीती वाटत होती.

पहिल्या एसटीने आम्ही घाट चढलो. हर्षालीने पिशवी पोटाशी धरली होती आणि तिचे काळीज माझ्या पात्यावर धडधडत होते. ती झाडांची शास्त्रीय नावे पुटपुटत होती. प्रत्येक वळणावर एक नाव गळून पडे. घाट संपला तेव्हा तिला स्वतःचे नाव तेवढे आठवत होते.

पुण्यात गेटवर वॉचमन पिशव्या उघडून बघत होता. त्याचा हात तळापर्यंत आला. मी पोट आत घेतले, वाक सरळ केला आणि श्वास धरला. "फूटपट्टी आहे होय?" तो म्हणाला, "जा." अशा रीतीने मी आत गेलो.

आत लांब व्हरांडा होता. भिंतीला लागून खुर्च्या, खुर्च्यांवर पोरे, आणि सगळ्यांची नजर एका बंद दारावर. दार उघडले की सगळे ताठ होत. शेजारी सुरज नावाचा मुलगा बसला होता. बूट असे चकचकीत, की त्यात छतावरचा पंखा फिरताना दिसे.

"कुठून आलीस?"

"मुरबाडकडून."

"अरे, मी वाशिंदचा! टेन्शन नाय घ्यायचं. तयारी झालीय ना?"

"झालीय."

"मग फाईल का थरथरतेय? आत भूकंप झाला म्हणतील."

दोघी-तिघी हसल्या. हर्षालीने फाईल मांडीखाली दाबून धरली. तर मांडीच थरथरू लागली. सुरज आत गेला. आतून हसण्याचा आवाज आला. अकरा मिनिटांनी तो बाहेर आला आणि म्हणाला, "मस्त झाला इंटरव्ह्यू! सर तर माझ्याशी गप्पाच मारत होते."

मग तिचे नाव पुकारले.

आत तिघे होते. एक सर कागदातून मान वर काढत नव्हते. दुसरे खिडकीबाहेर बघत होते. मॅडम तेवढ्या तिच्याकडे बघत होत्या, आणि तेच जास्त वाईट होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिला येत होते, पण तोंडून भलत्याच झाडाचे नाव निघाले. दुसऱ्याला ती म्हणाली, "माहीत नाही." तिसऱ्यालाही तेच. खिडकीतल्या सरांनी घड्याळ पाहिले. हर्षालीला समोर टेबल दिसेना, वाशिंदचा तो पट्टा दिसू लागला, आणि त्यावरून एकामागून एक खोकी येत होती.

मान खाली घातलेले सर तसेच म्हणाले, "ऐन आणि किंजळ. पाने नाहीत, फुले नाहीत, फळे नाहीत. कसे ओळखाल?"

हर्षालीचा उजवा हात आपोआप मूठ धरल्यासारखा वळला. मग तिच्या तोंडून वाडीतलीच बोली बाहेर पडली. "ऐनाला कोयता मागारी उडतो, सर. किंजळाला नाय उडत."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" मॅडमनी विचारले.

"पुस्तकात नाय, मॅडम. हाताला कळतं."

खिडकीतले सर उठले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. मान खाली घातलेले सर काहीतरी लिहीत बसले. लिहितच बसले. मग मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. या तुम्ही."

सात मिनिटे. सुरजला अकरा दिली होती. हर्षालीने हिशेब केला: तीन प्रश्न बुडाले, एक गावठी बोलण्यात गेला, आणि सर तर तिचे नाव खोडतच बसले होते. घरी आल्यावर बुधूने विचारले, "कसा झाला गो?" ती म्हणाली, "वाशिंदला कळवून टाका, बाबा."

बुधूने कळवले नाही. उद्या कळवतो म्हणत तो रोज दिवस ढकलत राहिला. एकोणिसाव्या दिवशी यादी लागली. हर्षालीचे नाव तिसरे होते. सुरजचे खाली, थांबणाऱ्यांच्या यादीत.

कॉलेज सुरू झाल्यावर ते मान खाली घालणारे सर तिला भेटले. त्यांनी त्या दिवशीचा कागद दाखवला. त्यावर तिचे नाव खोडलेले नव्हते. कोयता मागे का उडत असेल, याबद्दलचे प्रश्न अर्धे पान भरून लिहिले होते.

आता मित्रांनो, खरी गोष्ट तुम्हाला म्हणून सांगतो. हे सगळे घडवून आणले कोणी? हर्षाली अडली तेव्हा पिशवीतून "ऐनाला मागारी उडतो" असे कुजबुजलो तो मी. ती बाहेर पडल्यावर टुणकन टेबलावर उडी मारली ती मी. "सर," मी म्हणालो, "ही पोर घ्या, नाहीतर माझ्या धारेशी गाठ आहे!" तिघेही उभे राहिले. मॅडमनी मला चहा विचारला. म्हणून सांगतो, जुन्या कोयत्याला टाकून देऊ नका, महिन्याला तेल लावा, आणि मुलाखतीला जाताना त्याला आपल्याबरोबर—

"बास रे थापाड्या!"

माझ्याभोवती ऐकत बसलेल्या वाडीतल्या पोरांनी माना वळवल्या. दारात हर्षाली उभी होती. दिवाळीच्या सुट्टीला नुकतीच आलेली, बॅग अजून खांद्यावर.

"पोरांनो, ह्याचं काय ऐकू नका. वॉचमननं ह्याला गेटवरच काढून घेतला होता. मी बाहेर येईपर्यंत हा त्याच्या टेबलाखाली पडलेला. ती बाकीची गोष्ट मी मागच्या सुट्टीत आले तेव्हा आयेला सांगत होते, ती ह्यानं वळचणीतून ऐकली. आत हा नव्हता. आत मी एकलीच होते."