माणसाला रीकिंडल करत नाहीत

आमचे हे बोलतात कमी आणि धुमसतात जास्त. दिवसभर भट्टीशी संसार करणाऱ्याला ते शोभतही असेल, पण संसार माझाही आहे त्यांच्याशी. लेकीनं परभाषिक मुलाशी लग्न केलं, तेव्हा "जावयाशी मी काय खाणाखुणा करून बोलू?" एवढंच म्हणाले आणि तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. दोन वर्षं झाली. लेकीचा फोन आला की हे पाव बघायच्या निमित्तानं भट्टीत डोकं घालतात. मला आतून तुटायला होतं.

मी म्हटलं, बसा तुम्ही अडून, मी शिकते जावयाची भाषा. दुपारी बेकरी बंद असते, तेव्हा वाचनालयात इंग्रजीचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. परवा त्यांनी फळ्यावर क्रियापद लिहिलं, रीकिंडल. विझत आलेली आग किंवा आटत चाललेली माया पुन्हा जागी करणं. वाक्यात उपयोग करा म्हणाल्या. मी ठणकावून सांगितलं, "आय वॉन्ट टु रीकिंडल माय हजबंड."

वर्ग पोट धरधरून हसला. "काकू, माणसाला रीकिंडल करत नाहीत," बाई म्हणाल्या, "पेटवून द्याल त्यांना!"

तशीही वेळ आणतात ते कधी कधी, हे मी मनातच ठेवलं.

संध्याकाळी पीठ मळता मळता मी शब्द घोकत होते. हे भट्टी साफ करत होते.

"काय बडबडतेस?"

मी अर्थ सांगितला.

"एवढंच? ते तर मी रोज करतो." त्यांनी सळईनं राख बाजूला सारली. खाली एक निखारा लाल होता. "आधी राख काढायची, मग फुंकर. पण हळू. जोरात मारली की राख आपल्याच डोळ्यांत." आणि सळई खाली ठेवून, "परत म्हण बघू तो शब्द."

मी म्हटला. तेही पुटपुटले. मला वाटलं, चेष्टा करतायत माझी.

रविवारी फोन वाजला. जावई होता. मी "हॅलो, हाऊ आर यू"पर्यंत पोचले, तोच ह्यांनी पिठाचा हात पुढे केला. मला वाटलं, फडकं हवंय. त्यांना फोन हवा होता.

आता हे काय बोलतील आणि होतं नव्हतं तेही तुटेल! हे मात्र मास्तरांनी उभं केल्यासारखे ताठ उभे राहिले, घसा खाकरला आणि एका दमात म्हणाले, "आय वॉन्ट टु रीकिंडल माय डॉटर."

पलीकडे जावयानं लेकीला मोठ्यानं हाक मारली, पावलं धावत आली.

"बाबा?" लेक हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक. "अहो बाबा, असं नाही म्हणत. माणसाला रीकिंडल करत नाहीत."

"करतात गं," हे म्हणाले. "विचार तुझ्या नवऱ्याला. त्याला बरोबर कळलं."

मग फोन माझ्या हातात देऊन ते पिठाळ मनगटानं डोळे पुसू लागले.

"काय झालं हो?"

"काही नाही," म्हणाले. "फुंकर जरा जोरात बसली."