साबण न लागलेली बाटली

"मावशी, पाणी हिरवं का दिसतंय?"

हॉटेलच्या दर्शनी दालनातल्या माशांच्या भिंतभर हौदाच्या काचेवर बोट टेकवून मॅनेजरने विचारलं. मावशी म्हणायला मी काही त्याच्या आईची बहीण लागून गेले नव्हते, पण त्याला माझं नाव ठाऊक नव्हतं. मीही त्याला मनातल्या मनात पॉलिश म्हणत असे. बुटांत चेहरा दिसायचा, डोक्यात काही दिसायचं नाही.

"ते खाणं आहे," मी म्हटलं. "समुद्रातलं बारीक शेवाळ. ते कोपेपॉड खातात, आणि कोपेपॉड हा मासा खातो."

"कोपे काय?"

"मिठाच्या कणाएवढे जीव. आत्ताच आठ बाटल्या सोडल्यात. चार तास पंप बंद ठेवा. आणि निळा दिवा तर अजिबात लावू नका."

निळा दिवा म्हणजे हौदामागच्या काळ्या नळीतली ट्यूब. तिच्यासमोरून पाणी गेलं की त्यातलं बारीकसारीक जे जिवंत असतं ते सगळं मरतं. पाणी मात्र दिसायला छान होतं.

मासा होता मँडरीन. बोटभर, निळा-केशरी. दिवसभर दगडांवरून एकेक जीव टिपत फिरायचा आणि हलेल त्यालाच तोंड लावायचा. त्याचं पोट खपाटीला गेलं होतं. पॉलिशने शंभर पाहुण्यांना तो मासा दाखवला असेल, त्याचं पोट एकदाही पाहिलं नाही.

मी चहा पिऊन तासाभराने आले तर पंप घरघरत होते, निळा दिवा चालू होता आणि पाणी नितळ झालं होतं. कुणी बडे पाहुणे येणार होते म्हणे. मी गाळणीची कापडी पिशवी उलटी केली. तीन आठवड्यांची माझी मेहनत तिच्या तळाशी मातकट लगदा होऊन बसली होती.

"बघा, कसं स्वच्छ झालं," पॉलिश म्हणाला. "आणि हो, पुढच्या आठवड्यापासून तयार खाद्य मागवतोय. तुमच्या चकरा वाचतील."

"ते मेलेलं असतं."

"माशाला काय कळतंय?"

"माशाला कळतं," मी म्हटलं. "बाकीच्यांचं सांगता येत नाही."

त्याला ते लागलं नाही. अशा लोकांना काही लागत नाही, हेच त्यांच्या बढतीचं कारण असतं.

मी पूर्वी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी बाई होते. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा मोठमोठे शिकलेले लोक खुर्च्या आणि पंखे न्यायला धावले. मी मोरीत ओतायला काढलेली कोपेपॉडची एक बाटली उचलली. त्या एका बाटलीवर एकोणीस वर्षं पिढ्यांमागून पिढ्या वाढवल्या. सून घरात आली त्या दिवशी तिला पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की खिडकीतल्या बाटल्यांना साबण लावायचा नाही. साबणाचा अंश राहिला तरी सगळे मरतात.

"आई, या घरात माणसांपेक्षा किड्यांचा मान जास्त आहे," ती एकदा चिडून म्हणाली होती. खरंच होतं. माणसांनी तसं काही करून दाखवलं नव्हतं.

विरजण राखावं तशी एक बाटली मी नेहमी मागे ठेवायची. आता तेवढीच उरली होती. तिच्यापासून पुन्हा आठ करायला तीन आठवडे लागले असते, आणि त्या माशाकडे एकही आठवडा नव्हता. शिवाय आठवड्याने मला कोण आत सोडणार होतं?

दुसऱ्या दिवशी पॉलिश जेवायला गेल्यावर मी काच पुसायला म्हणून गेले. सगळी बटणं बंद केली. काळी नळी उघडून ट्यूब काढली, गाळणीतलं कापडही काढलं, दोन्ही फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलं आणि नळी पुन्हा बंद केली. नळीवरचा हिरवा ठिपका आत ट्यूब नसली तरी जळत राहतो. पॉलिशला तेवढा पुरे होता.

मग बाटली दगडांच्या कपारीत ओतली. हौदाचंच पाणी घेऊन दोनदा विसळली, तेही ओतलं. मागे एक थेंब ठेवला नाही. कोणासाठी ठेवायचा?

मासा आला. थांबला. दगडावर टिपला, मग पुन्हा टिपला. मला रडू फुटणार होतं, पण रडावं एवढी त्या जागेची लायकी नव्हती.

तासाभराने मी बटणं लावली. तेवढ्यात पॉलिश दात कोरत आला. हिरव्या ठिपक्याकडे पाहून म्हणाला, "बघा, तुमच्या किड्यांशिवाय कसं चकाचक आहे."

"हो," मी म्हटलं. "दिवा चांगला आहे तुमचा."

घरी येऊन मी मोरीवर उभी राहिले आणि बाटलीला साबण लावला. आतून, बाहेरून, बुडापर्यंत. सून दारात येऊन थबकली.

"आई, साबण?"

"हो. साखर ठेव हिच्यात, नाहीतर काहीही ठेव."

तिने माझ्या हातातून बाटली घेतली आणि साध्या पाण्याने धुवत राहिली, साबणाचा वास जाईपर्यंत. मग भांड्यांत न ठेवता तिने ती खिडकीत, तिच्या जागेवर उपडी ठेवली.