इंजनवाल्याचं गुऱ्हाळ

धनपाल चौगुल्याची खोडच ती. नवं आलं की जुनं मोडीत. पंचगंगेकाठच्या त्याच्या गुऱ्हाळात इंजन आलं आणि त्यानं बापाच्या वेळची बैलजोडी गारगोटीच्या बाजारात विकली, बैलांचा चरक भंगारात घातला. थोरला भाऊ अण्णाप्पा म्हणाला, "जोडी तरी ठेव रं." धनपाल हसला. "तुमी बसा शेपट्या पिरगाळत." तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं.

छप्पन्न सालच्या दिवाळीनंतर त्यानं अख्खा फड एकदमच तोडला. बैलवाले गाळता येईल तेवढाच ऊस तोडतात; पण इंजनवाल्याला कसली आलीय भीती! वर्षाचा गूळ मोळ्या होऊन आवारात पडला आणि इंजनाचं तेल संपलं. ऊस आंबला की गूळ होत नाही, हे पोरालाही ठाऊक.

शहरातला तेलवाला म्हणाला, "पावणं, डबा रिकामाच न्या. तिकडं सुवेझच्या कालव्यावर लढाई पेटलीया."

"आपलं तेल त्या वाटंनं येतंय व्हय?"

"न्हाय. पण जहाजं गोऱ्यांची हायत. त्येंची वाट अडली, तशी जहाजं लांबच्या वळशानं त्येंच्याच घरला तेल वाहायला लागली. आधी त्येंची चूल, मग तुमचं इंजन."

"सत्तेचाळीसला गोरा गेला म्हणं," धनपाल कडवटपणे बोलला. "इंजनाला कुणी सांगितलं न्हाय वाटतं."

घरी आला तर मोळ्यांवर माशा घोंघावत होत्या. बायको त्रिशला ताट घेऊन आली. "दिवस बुडायच्या आत दोन घास खावा." तो मोळ्यांकडं बघत बसला. दिवस बुडाला, आता जैनाच्या धर्मानं जेवता येणार नव्हतं. तो तसाच आडवा झाला.

सकाळी लाज गिळून तो अण्णाप्पाच्या गुऱ्हाळात गेला आणि जागीच थिजला. चरकाला फिरत होती ती त्याचीच जोडी, सर्जा आणि पवळ्या. व्यापाऱ्याला गाठून भावानं ती परत आणली होती.

"आण्णा, माझा ऊस गाळून द्या."

अण्णाप्पानं वर पाहिलं नाही. "देतो की. आधी माझा सरू दे. मग शेजाऱ्यांच्या पाळ्या हायत. मग तुझा."

तोवर उसाचं काय होणार, ते दोघांनाही कळत होतं. धनपालला रडू फुटलं. त्यानं तोंड फिरवलं.

घरी येऊन त्यानं ढिगातली बरी कांडी निवडली, खांद्यावर भारा घेतला आणि पुन्हा तिथंच जाऊन बैलांपुढं टाकला. पवळ्यानं आधी त्याचा हात चाटला, मग उसाला तोंड घातलं. त्या साली धनपालच्या फडातला तेवढाच ऊस कामी आला.