धोंड्याच्या बांगड्या

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, त्याचे पाय धुवायचे, लेकीला नव्या बांगड्या भरायच्या, ही आपली रीत. जावई कसला का असेना, त्या दिवशी तो देव! अहमदपूरजवळच्या गावात ग्यानोबाच्या ओसरीवर असाच एक देव भोकरहून येऊन बसला होता, बजरंग. खताचं दुकान, अंगाला अत्तर अन् नाकाच्या शेंड्यावर राग. सोबत बायको ऋतुजा, ग्यानोबाची एकुलती एक लेक.

ऋतुजानं निघतानाच मनाशी गाठ बांधली होती, आता परत जायचं नाही. पण आईबापाला सांगायचं कोणत्या तोंडानं? "तोंड उघडलंस तर जित्ती ठेवणार न्हाई," असं बजरंगनं गाडीतच तिचा गळा दाबून बजावलं होतं. तो नुसतं बोलणाऱ्यातला नव्हता.

लग्नाला दोन वर्षं झाली, बायकोजवळ त्याला जमलंच नव्हतं. जमलं नाही की मार. आधी थोबाडीत, मग पट्ट्यानं, मग चुलीतल्या लाकडानं. "मनातल्या मनात हसून राहिलीस तू," म्हणायचा. हसायला ती काय येडी होती? शेवटी तिनंच पाया पडून त्याला नांदेडच्या डॉक्टरांकडं नेलं. माराचं मात्र बोलली नाही. बोलणार कशी, तो खेटूनच बसला होता.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "शरीरात काही खोट नाही. भीती मनात बसलीय. अन् बजरंगराव, सगळे आपल्याला हसतात ही शंका, हा संताप, हे स्वभावातच मुरलेलं दुखणं आहे. दोन्हींवर उपचार आहेत, पण येत राहावं लागेल. सध्या बाकी सगळं बंद. रोज थोडा वेळ शेजारी बसा, बायकोचा हात हातात घ्या. बस, तेवढंच."

एवढ्यातलं बजरंगनं उचललं काय? खोट नाही! आपल्यात नाही, म्हणजे हिच्यात हाय. डॉक्टरकडं तो पुन्हा फिरकला नाही. तरी काही दिवस हात धरून बसला, अन् ऋतुजा बिचारी आशेला लागली. एका दुपारी त्याला वाटलं, आता जमतंय. पथ्य मोडलं. नाहीच जमलं. तिचा हात अजून त्याच्या हातातच होता. त्यानं तो पिरगाळला, हाड कडकन मोडेस्तोवर. दवाखान्यात जाऊ दिलं नाही. तिनं चिंधी बांधली, पंजाचं हाड वाकडंच जुळलं.

तोच हात आज सरजाबाई कासारणीच्या हातात होता. पलीकडं ग्यानोबा परातीत जावयाचा पाय धरून धूत होता. बांगडी अंगठ्यावर अडली. सरजाबाईनं जोर लावला तशी कचकन फुटली.

"अगं बया! जावईबापू हात लईच घट्ट धरतेत वाटतं," सरजाबाई म्हणाली, अन् जमलेल्या बायका खो खो हसल्या.

ते हसणं बजरंगच्या टाळक्यात गेलं. हिनं सांगितलं! परात उलथली. हातात आला तो तांब्या त्यानं ऋतुजाच्या कपाळावर हाणला. रक्ताची धार लागली. दुसरा घाव तोंडावर. "कुणाकुणाला सांगितलंस, रांडे?" तिसऱ्यासाठी हात उचलला, पण एक पाय अजून ग्यानोबाच्या मुठीत होता. म्हाताऱ्यानं तो जीव खाऊन ओढला. बजरंग तोंडावर आपटला, दात फरशीवर सांडले. ग्यानोबा त्याला उताणा पाडून छाताडावर बसला अन् त्याच तांब्यानं हाणत सुटला.

"सोड ग्यानोबा! जावई हाय, पाप लागंल!" ऋतुजाचा चुलता ओरडला.

ग्यानोबाचा हात थांबला. लेकीच्या वाकड्या पंजाकडं बघत, धापा टाकत त्यानं विचारलं, "बाई, हात कसा मोडला तुझा?"

ऋतुजानं तोंडातलं रक्त थुंकलं. आता कशाची भीती? "डॉक्टरनं ह्यांना माझा हात हातात घ्यायला सांगितलं होतं, बाबा. इलाज म्हणून."

सरजाबाईनं पदर तोंडाला लावला.

"माझी लेक आता नांदायला जाणार न्हाई," ग्यानोबा म्हणाला. "पोलिसाला बोलवा."

त्याच्या गुडघ्याखाली बजरंग रक्ताळल्या तोंडानं किंचाळत होता, "हसू नका! हसू नका रे!"

कुणीच हसत नव्हतं.