सरनदालचा उलटा समुद्र

तेहतीस वर्षं मी अलेक्झांड्रियाच्या शाळेत भूगोल शिकवला, पण इतका मूर्खपणा एकाही पोराने करून दाखवला नव्हता.

राविया माझी जुनी विद्यार्थिनी. तिने कादंबरीसाठी सरनदाल नावाचा एक देश रचला आणि त्याचा नकाशा मी काढला. तीन वर्षं आम्ही खपलो. तिची नदी डोंगर चढायला लागली की मी प्रकरण परत पाठवायचो, आणि ती बिचारी पुन्हा लिहायची. तिची नायिका उपाशी गावासाठी धान्याचं जहाज आणायला पूर्वेच्या समुद्राकडे निघते. पश्चिमेला नुसतं वाळवंट. सगळी गोष्ट यावरच उभी आहे.

प्रकाशक हाझिम बेंनी छपाईआधीची शेवटची पानं दाखवली, तर समुद्र पश्चिमेला. आमच्याकडे परदेशी चित्रकथा छापताना चित्रं डावी-उजवी उलटवतात, कारण आमची अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. त्याच सवयीने त्यांच्या माणसाने माझा नकाशाही उलटवला. गावांची नावं आणि दिशा मात्र सुलट टाकल्या.

"प्रवास उजवीकडून डावीकडे दिसला की वाचकाला बरं वाटतं," हाझिम बे चहा ढवळत म्हणाले.

"आणि ती पोरगी वाळवंटात मरेल त्याचं काय?"

"उस्ताद, देश काल्पनिक आहे. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो असं लिहून टाकू."

"सूर्य पश्चिमेला उगवला की कयामत येते, जग बुडतं, हाझिम बे. लहानपणी एवढं तरी कानावर पडलं असेल ना?"

"दुरुस्तीला आठवडा जाईल. कैरोचा पुस्तकमेळा हुकेल. मग मी हे पुस्तक छापेनच असं नाही."

मी रावियाकडे पाहिलं. वाटलं, आता ही उसळेल.

"जाऊ द्या ना, उस्ताद," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "मग तीन वर्षं नद्या सुधारल्यास त्या कशासाठी?"

"सात प्रकाशकांनी हाकललंय मला. तुमचा नकाशा वाचवायचा की माझं पुस्तक, तेवढं सांगा."

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी पेन उचललं आणि नकाशाखालचं माझं नाव खोडलं. हाझिम बे खूश झाले. माझ्यासाठीही चहा मागवू लागले.

राविया जिन्यापर्यंत मागे आली. "रागावलात?"

"हो. आणि पुस्तक मला अर्पण केलंयस ना, तेही खोड."

मेळ्यात मी रांगेत उभा राहून एक प्रत विकत घेतली. अर्पणाचं पान कोरं होतं.